उन्हाळ्याने पाडलेला बर्फ

१७ ते २० नोव्हेंबर २०२२ या चार दिवसांत अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, बफेलो शहराजवळच्या ऑर्चर्ड पार्क या गावात ८० इंच बर्फ पडला. शेजारच्या हॅम्बर्गमध्ये ८१ इंचांवर. म्हणजे दोन मीटरहून अधिक. उभा माणूस त्यात नाहीसा होतो. ऑर्चर्ड पार्कमध्ये बफेलो बिल्स या व्यावसायिक फुटबॉल संघाचं मैदान आहे. त्या रविवारचा सामना तिथून उचलून डेट्रॉइटला न्यावा लागला. आठच वर्षांपूर्वी, नोव्हेंबर २०१४मध्ये, याच पट्ट्यावर असाच बर्फ कोसळला होता आणि तेव्हाचा सामनाही डेट्रॉइटलाच गेला होता.

दोन मीटर बर्फात पाणी किती? हा बर्फ भुसभुशीत असतो. साधारण पंधरा सेंटिमीटर बर्फ वितळला तर एक सेंटिमीटर पाणी होतं. त्या हिशोबाने सगळा मिळून १३५ मिलिमीटर पाऊस. मुंबईत जुलैतल्या एखाद्या जोरदार दिवशी एवढा पडून जातो. पण पाऊस पडून जातो, नाल्यातून खाडीत उतरतो. बर्फ जिथे पडला तिथेच बसतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर साडेतेरा टन वजन चढतं, आणि ते उतरवायला घरातून बाहेर पडावं तर दार उघडत नाही.

यापेक्षाही थक्क करणारी गोष्ट म्हणजे या बर्फाची हद्द. नोव्हेंबर २०१४च्या वादळात बफेलोच्या दक्षिणेकडच्या उपनगरांवर पाच-सहा फूट थर साचत होता, ताशी काही इंचांच्या वेगाने, विजांच्या गडगडाटासह. त्याच शहराच्या उत्तर भागात काही इंचच बर्फ होता. उत्तरेकडच्या उंच इमारतींतून लोकांनी फोटो काढले: वर निळं आकाश आणि दक्षिणेला, सरोवरावरून येऊन जमिनीवर टेकलेली पांढरी भिंत. त्या भिंतीच्या आत महामार्गावर गाड्या अडकून पडल्या होत्या. विद्यापीठाचा एक महिला बास्केटबॉल संघ जवळपास तीस तास बसमध्येच बसून होता. ज्या गावात १५ किलोमीटरच्या फरकाने हिवाळा आहे आणि नाही असं होतं, तिथे कारण वरच्या आकाशात एकट्याने सापडणार नाही. ते खाली, शेजारी पसरलेल्या पाण्यात आहे.

उत्तर ध्रुवाकडून थंड हवा उतरली म्हणून बर्फ पडला, एवढ्यावर बातमी संपते. ते अर्धंच सत्य आहे. तीच थंड हवा विस्कॉन्सिनवरून, इलिनॉयवरून, ओहायोवरून आली. तिथे तिने असे डोंगर रचले नाहीत. ती हवा कोरडी होती, तिच्याजवळ टाकायला फारसं काही नव्हतंच. बफेलोच्या काठच्या ईरी सरोवरावरून जाताना तिला दोन गोष्टी मिळाल्या, वाफ आणि ऊब. ती ऊब सरोवराने जून, जुलै आणि ऑगस्टच्या उन्हातून साठवलेली होती. बफेलोतला नोव्हेंबरचा बर्फ हा त्या अर्थाने उन्हाळ्याचा बर्फ आहे, तीन महिने उशिरा पोचलेला.

हे नुसतं बोलायला छान वाटतं म्हणून म्हणत नाही. आकडे तेच सांगतात.

एक घनमीटर पाणी एका अंशाने थंड झालं तर त्यातून सुटणाऱ्या उष्णतेने सुमारे साडेतीन हजार घनमीटर हवा एका अंशाने तापते. दुसऱ्या बाजूने बघू. आपल्या डोक्यावर जमिनीपासून अंतराळापर्यंत हवेचा जो संपूर्ण स्तंभ उभा आहे, तो एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढीच उष्णता खाली फक्त अडीच मीटर खोल पाण्याला लागते. पुरुषभर पाण्यात आणखी थोडी भर घातली की सगळं वातावरण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात तोलून धरता येतं. आता सुपीरियर सरोवराची सरासरी खोली लक्षात घ्या: १४७ मीटर. त्याच्या प्रत्येक चौरस मीटरखाली साठ वातावरणांएवढी उष्णता धरून ठेवायची जागा आहे.

सुपीरियर हे उत्तर अमेरिकेतल्या पाच महासरोवरांतलं सर्वांत मोठं. क्षेत्रफळ ८२,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या मराठवाड्यापेक्षा जास्त. सर्वांत खोल जागी ४०६ मीटर. त्यातलं पाणी सुमारे १२,१०० घन किलोमीटर. आपल्याकडे पाणी टीएमसीत मोजतात, तर तसंच मोजू: चार लाख २७ हजार टीएमसी. कोयना धरण काठोकाठ भरलं की १०५ टीएमसी होतं. म्हणजे सुपीरियरमध्ये चार हजारांहून जास्त कोयना आहेत. सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ऑन्टारिओ अशी पाचही सरोवरं धरली तर पाणी आठ लाख टीएमसी आणि विस्तार दोन लाख ४४ हजार चौरस किलोमीटर, जवळजवळ चार पंचमांश महाराष्ट्र. बच्छावत लवादाने कृष्णेच्या पाण्यातला महाराष्ट्राचा वाटा ५६० टीएमसी ठरवला आणि त्या वाट्यावरून तीन राज्यं दशकानुदशकं भांडत आली. तो वाटा दर वर्षी पूर्ण उचलला तरी या पाच सरोवरांना चौदाशे वर्षं पुरायला हरकत नाही. जगातल्या पृष्ठभागावरच्या गोड्या पाण्याचा पाचवा हिस्सा इथे आहे.

सुपीरियरचं सगळं पाणी एका अंशाने तापवायचं झालं तर किती ऊर्जा लागेल? उत्तर येतं सुमारे १४,००० अब्ज युनिट वीज. भारतात २०२३-२४ या वर्षात सगळी मिळून १,७०० अब्ज युनिटांच्या थोडी वर वीज तयार झाली. म्हणजे एका सरोवराच्या एका अंशासाठी भारताची आठ वर्षांची वीज. आणि हे काम सूर्य दर उन्हाळ्यात, एका अंशाने नव्हे, वरच्या थरांत तर दहा-बारा अंशांनी, कसलाही आवाज न करता करून जातो. जूनच्या सुरुवातीला सुपीरियरच्या पाण्यात हात घालवत नाही, ते चार अंशांच्या आसपास असतं. सर्वांत ऊबदार होतं ते ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात, जेव्हा जमिनीवरचा उन्हाळा परतीच्या वाटेला लागलेला असतो. इतक्या मोठ्या पाण्यात घाई नाहीच. सुपीरियरमध्ये आलेलं पाणी सरासरी १९१ वर्षं तिथे राहतं; बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ मुंबईत निघत होतं त्या काळात आलेलं पाणी आता बाहेर पडतंय.

मग शरद ऋतू येतो आणि देणं फेडायची वेळ होते. इथे गोड्या पाण्याचा एक स्वभाव निर्णायक ठरतो. पाणी थंड होताना जड होत जातं, पण फक्त ४ अंशांपर्यंत. त्याखाली गेलं की पुन्हा हलकं व्हायला लागतं. त्यामुळे ऑक्टोबरच्या वाऱ्याने वरचा थर गार झाला की तो बुडतो आणि खालचं कोमट पाणी वर येतं; तेही गार होऊन बुडतं, त्याच्या जागी आणखी खालचं येतं. सगळं सरोवर तळापर्यंत ४ अंशांवर येईपर्यंत हे चालू राहतं. तोपर्यंत पृष्ठभाग गोठू शकत नाही. ईरी उथळ आहे, सरासरी १९ मीटर. त्याचा साठा लवकर संपतो आणि बहुतेक वर्षी ते जानेवारी-फेब्रुवारीत गोठतं. ऑन्टारिओ क्षेत्रफळाने ईरीपेक्षा लहान, पण सरासरी ८६ मीटर खोल. त्याचा मोठा भाग हिवाळाभर उघडाच राहतो. दोन सरोवरांच्या किनाऱ्यांचे हिवाळे वेगळे होतात ते या खोलीमुळे.

बर्फ पाडायला लागणारी अट हवामानशास्त्रज्ञांनी एका आकड्यात बांधली आहे: १३ अंश. सरोवराचा पृष्ठभाग आणि त्याच्या वर सुमारे दीड किलोमीटरवरची हवा यांच्यात किमान एवढा फरक हवा. नोव्हेंबरच्या मध्याला ईरीचं पाणी साधारण नऊ-दहा अंशांवर असतं. वर उणे पंधराची हवा आली की फरक १३ नाही, पंचवीसच्या घरात जातो. खालची हवा तापून, वाफ घेऊन सुसाट वर चढते, ढग उभे राहतात. वारा सरोवराच्या लांबीला समांतर असेल तर हे सगळे ढग एका रांगेत येतात. ईरीची लांबी आहे ३८८ किलोमीटर, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे, आणि त्या रेषेच्या टोकाला बफेलो आहे. एवढं अंतर पाण्यावरून घासत आलेली हवा एका अरुंद पट्ट्यात सगळं ओझं टाकते. वाऱ्याची दिशा थोडी बदलली की पट्टा दुसऱ्या गावावर सरकतो. एका उपनगरात छपरं वाकतात आणि पुढच्यात मुलं सायकल चालवतात, त्याचं कारण हे.

अशा थंड झोतात सरोवराच्या दर चौरस मीटरमधून शेकडो वॅट उष्णता वर जाते. पाचशे वॅट धरले आणि ईरीच्या २५,७०० चौरस किलोमीटरने गुणलं तर आकडा येतो एक कोटी २८ लाख मेगावॅट. कोयना प्रकल्पाची सगळी जनित्रं मिळून १,९६० मेगावॅट. साडेसहा हजार कोयना प्रकल्प एकाच वेळी पूर्ण जोराने चालावेत, तेवढी शक्ती एक उथळ सरोवर आकाशात ओतत असतं. भारतातल्या सगळ्या वीजकेंद्रांची एकत्र क्षमता याच्या पंचविसाव्या हिश्शालाही जेमतेम पोचते. बफेलोत फावडं घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा सामना कशाशी आहे, ते या आकड्यातून कळतं.

ऑन्टारिओच्या पूर्वेला टग हिल नावाचं पठार आहे. उंची फार नाही, सहाशे मीटरच्या थोडी वर. पण सरोवरावरून आलेली ओली हवा त्याच्यावर चढते आणि चढताना आणखी थंड होते, आपल्याकडे अरबी समुद्रावरची हवा सह्याद्रीवर चढते तशीच. परिणामही तेवढाच टोकाचा. १९७६-७७च्या हिवाळ्यात टग हिलवरच्या हूकर या ठिकाणी ४६६.९ इंच बर्फ मोजला गेला, जवळजवळ बारा मीटर, चार मजली इमारतीएवढा. फेब्रुवारी २००७मध्ये रेडफील्ड गावात दहा दिवसांत १४१ इंच पडला. जानेवारी १९९७मध्ये माँटेग्यूला २४ तासांत ७७ इंच नोंदले गेले. पण मोजणी ठरल्यापेक्षा जास्त वेळा झाली होती, आणि दर वेळी मोजणीची फळी साफ करून मोजलं की दबलेला बर्फही ताजा म्हणून धरला जातो, म्हणून तो विक्रम मान्य झाला नाही. ही काटेकोर वृत्ती मला फार आवडते. ७७ इंच काय किंवा ६५ काय, गाडलेल्या माणसाला फरक पडत नाही, पण नोंदवहीला पडतो. सुपीरियरमध्ये घुसलेल्या किविनॉ द्वीपकल्पावर १९७८-७९च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच पडला, आणि तिथल्या लोकांनी रस्त्याकडेला एक उंच मोजपट्टी उभी करून तो आकडा तिच्यावर लिहून ठेवला आहे.

शिकागो, डेट्रॉइट, टोरांटो, तिन्ही शहरांत मराठी मंडळं आहेत, गणपती बसतात. पण टोरांटोतलं कुटुंब आणि त्याच ऑन्टारिओच्या दुसऱ्या अंगाला सिराक्यूजमध्ये राहणारं कुटुंब यांचे हिवाळे सारखे नाहीत. टोरांटो वाऱ्याच्या वरच्या बाजूला आहे. तिथे हिवाळ्यात सरासरी सव्वा मीटरच्या आसपास बर्फ पडतो. सिराक्यूजला सव्वातीन मीटर. मिशिगन सरोवराच्या पश्चिम काठावरच्या मिलवॉकीच्या जवळपास दुप्पट बर्फ समोरच्या काठावरच्या मस्केगनला पडतो. थंडी दोघांनाही मिळते, सरोवर फक्त एकालाच.

सरोवर गोठलं की हा कारखाना बंद होतो. पण बंद झालेलं सरोवर निरुपद्रवी नसतं, हे १९७७मध्ये बफेलोने पाहिलं. त्या हिवाळ्यात ईरी १४ डिसेंबरलाच गोठलं होतं. पुढचे सहा आठवडे त्या सपाट बर्फावर भुरभुरीत हिम साचत राहिलं, अडवायला झाड नाही, घर नाही. २८ जानेवारीला ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा सुटला आणि सरोवराच्या पाठीवरचा तो सगळा साठा त्याने शहरात आणून ओतला. नवा बर्फ जेमतेम १२ इंच पडला असेल, पण ढीग काही ठिकाणी नऊ मीटरपर्यंत चढले. २९ माणसं गेली, त्यांतली काही बर्फाखाली गाडल्या गेलेल्या गाड्यांमध्ये सापडली.

सरोवरं फक्त मारतात असं कुणाला वाटू नये म्हणून मिशिगन सरोवराच्या पूर्व काठावर जाऊ. ट्रॅव्हर्स सिटीच्या आसपास आंबट चेरीच्या बागा आहेत. अमेरिकेतल्या आंबट चेरीचा दोन तृतीयांशाहून मोठा वाटा मिशिगन राज्यातून येतो. एवढ्या उत्तरेला हे नाजूक फळ टिकतं ते सरोवराच्या संथपणावर. एप्रिलमध्ये आतल्या प्रदेशात ऊन चढतं, पण काठावर सरोवराची गार हवा येत राहते आणि कळ्यांना उमलू देत नाही. कडाक्याचं दंव पडून जाईपर्यंत झाडं झोपलेली राहतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात उलट, सरोवर ऊब देतं आणि पहिलं दंव लांबवतं. २०१२च्या मार्चमध्ये दक्षिणेकडून आलेल्या उष्णतेने हा पहारा मोडला. दिवसेंदिवस जमिनीवरून वारा वाहत राहिला, उन्हाळ्यासारखं तापलं, झाडं महिनाभर आधी फुलली. एप्रिलमध्ये दंव आलं ते नेहमीच्या वेळेवरच. त्या वर्षी मिशिगनमधली आंबट चेरी नव्वद टक्क्यांच्या आसपास बुडाली. आपल्याकडे मोहोर अवकाळीने झडला की कोकणातल्या बागायतदाराचं वर्ष जातं. चेरीवाल्यांच्या घरांमधली शांतता कशी असेल ते रत्नागिरी-देवगडला समजावून सांगायला नको.

सरोवराचा हा पहारा किती लांबवर चालतो? फार नाही. मिशिगन राज्याचा खालचा भाग तीन बाजूंनी सरोवरांनी वेढलेला आहे, तरी त्याच्या पोटात तापमानाचे दोन विक्रम शेजारी-शेजारी आहेत. ९ फेब्रुवारी १९३४ला व्हँडरबिल्ट इथे उणे ४६.१ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. १३ जुलै १९३६ला तिथून सत्तरएक किलोमीटरवरच्या मायो इथे ४४.४ अंश. अडीच वर्षं, सत्तर किलोमीटर, आणि मधे ९०.५ अंशांचं अंतर. व्हँडरबिल्टपासून मिशिगन सरोवराचा फाटा चाळीसएक किलोमीटरवर आहे. पण वारा पडलेल्या, निरभ्र रात्री सरोवराची ऊब तिथवर येत नाही. ती आणायला वारा लागतो. खोलगट जमिनीत जड थंड हवा साचते आणि तळाला बसते. सुपीरियरच्या काठापासून शंभर किलोमीटरच्या आत, मिनेसोटातल्या टॉवर गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ला उणे ५१.१ अंश नोंदलं गेलं. पाणी शेजारी असून भागत नाही, त्याच्यावरून आलेला वारा पोचावा लागतो.

विषुववृत्तावर हेच गणित रात्र आणि दिवस यांच्यात चालतं. आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर ६८,८०० चौरस किलोमीटरचं, सरासरी खोली फक्त ४० मीटर, आणि पाणी वर्षभर कोमट. दिवसा भोवतालची जमीन तापते, सरोवरावरून वारा चहूबाजूंना पसरतो आणि पाऊस काठांवर पडतो. रात्री जमीन निवते, सरोवर निवत नाही. मग सगळ्या काठांवरून वारे आत येतात, मधोमध एकमेकांवर आदळतात आणि पाण्यावर गडगडाटी वादळं उभी राहतात. याच वेळेला मासेमार बाहेर असतात. सरोवरावर पोट असलेले मासेमार दोन लाखांच्या आसपास आहेत. दर वर्षी इथे बुडून मरणाऱ्यांचा अंदाज हजारोंमध्ये सांगितला जातो, काही जण तो पाच हजारांपर्यंत नेतात. समुद्रावर वादळ येतं तेव्हा त्याला नाव दिलं जातं, दिवसेंदिवस त्याचा मार्ग दाखवला जातो. इथली वादळं अंधार पडल्यावर जन्मतात, सकाळपर्यंत विरून जातात, आणि मधे होडीतली माणसं गेलेली असतात. या सरोवराबद्दल वाचताना मला राग येतो. इतक्या ठरलेल्या वेळी येणाऱ्या वादळाची सूचना होडीपर्यंत पोचवणं ही काही चंद्रावर जाण्याइतकी अवघड गोष्ट नाही.

व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवरावर रात्रीचे वारे असेच डोंगरांवरून आत येतात. उपग्रहाच्या सोळा वर्षांच्या नोंदींतून दिसलं की तिथे वर्षातल्या सरासरी २९७ रात्री वीज चमकते आणि दर चौरस किलोमीटरमागे वर्षाला २३३ वेळा. पृथ्वीवर कुठेही एवढी नाही.

आता उलटा प्रयोग. मोठं सरोवर एखाद्या प्रदेशाचं हवामान राखतं हे सिद्ध करायचं तर ते सरोवर काढून टाकायचं आणि काय होतं ते बघायचं. कुठलाही शास्त्रज्ञ असं करणार नाही, पण सोव्हिएत नियोजनाने ते केलं. १९६० साली मध्य आशियातला अरल समुद्र ६८,००० चौरस किलोमीटरचा होता, जगातलं चौथं मोठं सरोवर. पाणी हजार घन किलोमीटरहून अधिक, ईरीच्या दुप्पट. अमू दर्या आणि सीर दर्या या दोन नद्या त्याला भरत. त्यांचं पाणी कापसाच्या शेतांकडे वळवलं गेलं. १९८७ला सरोवर दोन तुकड्यांत फाटलं. २००७पर्यंत मूळ विस्ताराचा दहावा हिस्सा उरला. २०१४च्या उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या तुकड्याचं पूर्वेचं खोरं पूर्ण कोरडं पडलं.

आणि हवामान बदललं. काठापासून शंभर-दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात उन्हाळे आणखी तापले, हिवाळे आणखी कडक झाले, पावसाळी ढग विरळ झाले. वसंतातलं शेवटचं दंव उशिरा पडायला लागलं आणि शरदातलं पहिलं दंव लवकर. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ फिलिप मिक्लिन यांनी १९८८मध्येच लिहून ठेवलं होतं की अमू दर्याच्या मुखाजवळच्या उत्तर भागात पिकाचा हंगाम सरासरी दहा दिवसांनी आखडला आणि तिथल्या कापूसशेतांना भाताकडे वळावं लागलं. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. कापसासाठी पाणी घेतलं, पाणी गेल्याने उन्हाळा लहान झाला, आणि लहान उन्हाळ्यात कापूस पिकेना. मुइनाक हे एकेकाळचं मासेमारीचं बंदर आज पाण्यापासून कैक किलोमीटर दूर वाळवंटात आहे, आणि होड्यांचे सांगाडे वाळूत उभे आहेत. उत्तरेकडच्या लहान तुकड्यावर कझाकस्तानने २००५मध्ये कोक-अरल बंधारा पुरा केला. पाणी अपेक्षेपेक्षा खूप लवकर, वर्षाच्या आत-बाहेर, ठरवलेल्या पातळीपर्यंत चढलं आणि मासे परतले. विस्ताराच्या मानाने तो तुकडा छोटा आहे, पण तिथे पाणी आहे.

गोठणारी सरोवरंही आता तेवढी गोठत नाहीत. अमेरिकेच्या महासरोवरांवरचा बर्फ १९७३पासून सलग मोजला जातो. १९७९मध्ये एका क्षणी ९४.७ टक्के पृष्ठभाग गोठलेला होता, २०१४मध्ये ९२.५ टक्के. पण फेब्रुवारी २०२४मध्ये, जेव्हा बर्फ कळसाकडे जायला हवा, तो तीन टक्क्यांच्याही खाली होता. पांढरा बर्फ ऊन परतवतो. तो लवकर गेला तर काळं पाणी ऊन प्यायला आधी सुरुवात करतं. म्हणूनच सुपीरियरच्या पृष्ठभागाचं उन्हाळी तापमान १९७९ ते २००६ या काळात सुमारे अडीच अंशांनी चढलं, भोवतालच्या हवेपेक्षाही वेगाने. उघडं पाणी जास्त दिवस राहिलं की थंड हवेला गाठायला सरोवरही जास्त दिवस तयार राहतं. म्हणजे जग तापत असताना या काठांवर काही हिवाळ्यांत बर्फ वाढू शकतो.

सैबेरियातल्या बैकालबद्दल मात्र आपल्याकडे आणखी जुनी आणि सलग नोंद आहे. बैकाल क्षेत्रफळाने साधारण आपल्या कोकण विभागाएवढं, ३१,५०० चौरस किलोमीटर. पण खोली १,६४२ मीटर. कळसूबाईचं शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटरवर आहे. समुद्रसपाटीपासून मोजलेला तो सगळा उंचवटा बैकालच्या सर्वांत खोल जागी ठेवला तर वर फक्त चार मीटर दिसतील. त्यातलं पाणी २३,६०० घन किलोमीटर, अमेरिकेची पाचही महासरोवरं मिळून जेवढं होतं त्याहून जास्त. डिसेंबरमध्ये सत्तर किलोमीटरवरच्या इर्कुत्स्कमध्ये कडाक्याची थंडी असते तेव्हा बैकाल वाफाळत उघडं असतं. ते जानेवारीत गोठतं आणि काही भागांत बर्फ मे महिन्यापर्यंत राहतो, म्हणून काठावरचा जून थंडगार असतो.

मिखाइल कोझोव या प्राणिशास्त्रज्ञाने १९४५मध्ये इर्कुत्स्कमधून येऊन बैकालवर ठरावीक जागी, ठरावीक खोल्यांवर पाण्याचे नमुने आणि तापमान घ्यायला सुरुवात केली. आठवडा-दहा दिवसांनी एकदा, वर्षभर. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून. त्यांच्यानंतर मुलगी ओल्गा कोझोवा यांनी ते पुढे चालवलं, त्यांच्यानंतर नात ल्युबोव इझ्मेस्तेवा यांनी. राज्यव्यवस्था बदलली, देशाचं नाव बदललं, नमुने घेणं थांबलं नाही. २००८मध्ये या साठ वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्या गेल्या तेव्हा दिसलं की बैकालच्या वरच्या थरातलं पाणी सुमारे १.२ अंशांनी तापलं आहे. वरचे २५ मीटर धरले तर त्या १.२ अंशांत साधारण १,१०० अब्ज युनिट विजेएवढी उष्णता मुरलेली आहे, भारतात सात-आठ महिन्यांत तयार होते तेवढी.